स्कॅलप तव्यावर टाकण्याआधी कोरडे करा

वडोदऱ्यात फ्रोझन स्कॅलपचे, म्हणजे एका समुद्री शिंपल्याच्या मांसाचे, अर्ध्या किलोचे पाकीट मिळाले आहे, ते फारसा मसाला न घालता घरी कसे करावेत आणि त्यांचा हंगाम कोणता, असे तुम्ही विचारले आहे. मी दांडिया बाजारात वाढले आणि माझे आजोळ अलिबागकडचे आहे. त्यामुळे आमच्या घरी तिसऱ्या (खाडीतले लहान शिंपले) नेहमी होत असत, पण स्कॅलप मी प्रथम केले ते चाळिशी उलटल्यावर, आणि त्या वेळी ते पूर्णपणे बिघडवले.

झाले असे की, सुरमईच्या तुकड्यांना लावतो तसे हळद, मीठ, तिखट आणि लिंबू चोळून मी ते अर्धा तास झाकून ठेवले आणि सगळे एकदम पॅनमध्ये घातले. मिनिटभरात पॅनमध्ये दुधाळ पाणी साचले, त्या पाण्यातच ते उकळत राहिले आणि खाली उतरवले तेव्हा खोडरबरासारखे झाले होते. मीठ आणि आंबट यांनी त्यातला ओलावा आधीच बाहेर काढला होता, आणि उरलेले काम गर्दीने केले.

तिसऱ्या करताना आपण त्यांचे पाणी जपतो, कारण सारी चव त्यातच असते. स्कॅलपच्या बाबतीत मात्र पाणी हाच शत्रू आहे. स्कॅलप हाही दोन झडपांचा शिंपलाच आहे (शेल कंपनीच्या पेट्रोल पंपावरचे पिवळे चिन्ह याच शिंपल्याचे), पण तो झडपा उघडमीट करून पाण्यात पोहतो आणि म्हणून त्या मिटणारा त्याचा एकच स्नायू चांगला जाडजूड झालेला असतो. आपल्या हाती येतो तो एवढाच पांढरा, गोल तुकडा. पाण्याबाहेर हा शिंपला तिसऱ्यांसारखा घट्ट मिटून राहू शकत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा तो सोलूनच विकला जातो.

हंगाम म्हणाल तर तो जिथे पकडतात तिथला असतो. फ्रान्समध्ये या शिंपल्याची मासेमारी १ ऑक्टोबर ते १५ मे एवढाच काळ चालते, तर अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावरच्या लहान जातीचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असा आहे. आपल्याला मिळते ते पाकीट असल्याने त्यावरची तारीख पाहावी आणि आत बर्फाचे मोठे स्फटिक जमलेले असतील तर घेऊ नये, कारण ते मधेच एकदा वितळून पुन्हा गोठलेले असण्याची शक्यता असते. उन्हाळ्यात दुकानापासून घरापर्यंत आणताना बर्फाची पेटी बरोबर न्यावी.

पाकिटावर १०/२० असा आकडा असेल तर एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, दहा ते वीस तुकडे बसतात असा त्याचा अर्थ. जितका आकडा लहान तितका तुकडा मोठा, आणि तव्यावर करण्यासाठी मोठाच बरा. घटकांच्या यादीत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट दिसले तर ते स्कॅलप पाणी शोषून फुगवलेले आहेत असे समजावे. असे तुकडे सगळे एकसारखे चुन्यासारखे पांढरे दिसतात. न भिजवलेले मात्र हस्तिदंती, क्वचित गुलाबीसर असतात. भिजवलेल्यांना खमंग रंग येणे अवघड असते, तेव्हा निवड असेल तर ते टाळावेत.

आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे. गरम पाण्यात घालू नये. वितळल्यावर प्रत्येक तुकड्याच्या कडेला चिकटलेली एक चिवट पट्टी बोटाने ओढून काढावी, ती शिजल्यावर मऊ होत नाही. मग स्वच्छ सुती फडक्यावर एका थरात मांडून, वरून दुसऱ्या फडक्याने टिपून, तसेच अर्धा तास फ्रीजमध्ये उघडे ठेवावेत. बोट लावल्यावर पृष्ठभाग ओलसर न लागता किंचित चिकट लागला की तयारी झाली. मीठ अगदी तव्यावर टाकायच्या क्षणी.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा. परदेशी पाककृतींत लोणी सांगतात, पण त्यातले दुधाचे कण एवढ्या आचेवर जळतात. आपले साजूक तूप इथे अधिक सोयीचे आहे. मोठ्या आचेवर तवा चांगला तापवून चमचाभर तूप सोडावे आणि तुकडे घड्याळाच्या क्रमाने, दोन बोटे अंतर ठेवून, एका वेळी सात-आठच मांडावेत. त्यानंतर हात लावू नये. धिरडे जसे खालून सुटल्याशिवाय उलटता येत नाही, तसेच हे आहे: आधी ते तव्याला धरतात आणि कवच बनले की आपोआप सुटतात. मोठ्या तुकड्याला पहिल्या बाजूने सुमारे दोन मिनिटे लागतात, दुसऱ्या बाजूने दीड. उलटल्यावर ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या तुपात टाकाव्यात. त्या आधी टाकल्या तर करपतात. कडेचा काचेसारखा पारदर्शकपणा जाऊन दुधासारखा पांढरा रंग आला आणि बोटाने दाबल्यावर तुकडा किंचित उसळून आला की लगेच ताटलीत काढावेत, कारण तापलेल्या तव्यावर राहिले तर आच बंद केल्यावरही ते शिजत राहतात. लिंबाचे चार थेंब ताटलीतच पिळावेत. घरात कोणाला शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर मात्र हा बेत करूच नये.

शेजारी शाकाहारी असतील, आणि वडोदऱ्यात ते असतातच, तर एवढे सांगते की ताज्या स्कॅलपला बोंबलासारखा उग्र वास येत नाही. अमोनियासारखा वास आला तर ते फेकून द्यावेत.

जेवायला सोबत मऊ भात आणि वेगळ्या वाटीत हिरवी चटणी द्यावी, म्हणजे ज्याला झणझणीत हवे तो आपले पाहून घेईल. पाकीट एका दिवसात संपवायचे नसेल तर वितळवण्यापूर्वीच लागतील तेवढे तुकडे बाजूला काढावेत. शिजवलेले उरले तर पुन्हा गरम करू नयेत; फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पातळ चिरून काकडीच्या कोशिंबिरीत, दही न घालता, थंडच घालावेत.