आजारपणाच्या आधीचे बाबा

ताई, तुमचे बाबा गेल्यापासून त्यांचं आजारपणच आठवतं, आधीचे बाबा आठवतच नाहीत, असं तुम्ही म्हणालात. सुरुवातीला डोळे मिटले की आजारपणच दिसतं, माझंही तसंच झालं होतं. माझ्या बाबांचं डायलिसिस आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास चालायचं. ते गेल्यावर कितीतरी महिने मला फक्त त्यांच्या हातावरची फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून तयार केलेली, फुगलेली शीर आठवायची. मग त्यांच्या जुन्या मित्रांना फोन करून एवढंच विचारलं, तरुणपणी बाबा कसे होते? म्हणाले, शीळ काय सुरेख घालायचा! मला माहीतच नव्हतं. तुम्हीही विचारा, ऐकलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा. फोनमधला त्यांचा आवाज मात्र आजच दुसरीकडे कॉपी करा, फोन बिघडला तर तो गेलाच. कपडे आवरायची घाई नको. औषधांचा डबा तेवढा समोरून हलवा.