पॅकराफ्टला पॅडल किती लांब?

प्रश्न: दादा, नुकताच पॅकराफ्ट (घडी करून सॅकमधे नेता येणारी फुगवायची छोटी बोट) घेतलाय, पॅडल मात्र मित्राच्या व्हाइटवॉटर कयाकचं (खळाळत्या पाण्यातल्या अरुंद बोटीचं) उसनं आणलंय, २०० सेंमीचं. दर स्ट्रोकला बोटं ट्यूबवर घासतात, सालटी निघालीत. माझी उंची ५ फूट ४ इंच. एक जण म्हणतो तुझ्या उंचीला हेच बरोबर, दुसरा म्हणतो सरळ २३० घे. नदी बहुतेक संथ, मधेमधे छोटे रॅपिड्स, म्हणजे खळाळते उतार. काय करू?

उत्तर: उंची बघायचीच, पण आधी बोट बघ. व्हाइटवॉटर कयाक साधारण ६०-६५ सेंमी रुंद असतो आणि पॅकराफ्ट ९० च्या आसपास, वर दोन्ही बाजूंना फुगलेल्या जाड ट्यूब आणि आपण मधल्या खळग्यात बसलेलो, मग हात त्या ट्यूबवरून पलीकडे न्यायचा तर २०० अपुरं पडणारच ना. आणि उंचीचं म्हणशील तर बसल्यावर कंबरेपासून खांद्यापर्यंत किती भरतेस ते महत्त्वाचं, लांब पायांचा इथे काही उपयोग नाही.

पण म्हणून २३० वर उडी मारू नकोस. मी मारली होती, लांब म्हणजे जास्त जोर असं वाटलं होतं, खांदे भरून आले आणि बोट सरळ जाईना ते वेगळंच. पॅकराफ्ट आखूड, खाली कील (तळाला लांब उभी धार) नाही, त्यामुळे नाक तसंही डावी-उजवीकडे डुलतं. लांब पॅडल आडवं धरलं जातं, पातं बोटीपासून लांब पाण्यात पडतं आणि प्रत्येक स्ट्रोक बोटीला पुढे ढकलायच्या ऐवजी वळवत बसतो. मागे तळाला स्केग (छोटा पंख) लावलास तर डुलणं कमी होतं, पण चुकीच्या लांबीवर तो इलाज नव्हे.

तुझ्यासाठी २१० धर. नुसतेच रॅपिड्स करणार असतीस तर २०० ते २०५ वर पण भागलं असतं, तिथे पॅडल उभं धरून भराभर मारायचं असतं. जमलं तर लांबी कमीजास्त करता येणारं घे, आणि चार तुकड्यांचंच, नाहीतर सॅकमधे मावणार नाही. जोडून हलवून बघ, सांध्यात खुळखुळ नको.

पण थांब, पैसे घालायच्या आधी एक कर. सीट अजून थोडी फुगव. दोन-तीन सेंमी वर बसलीस तरी बोटं सुटतात की नाही बघ. सुटली तर हेच पॅडल अजून काही दिवस चालेल, फक्त उंच बसल्यावर बोट जरा जास्त डगमगते, तेव्हा रॅपिडच्या आधी काठाला लागून सीटमधली थोडी हवा सोड.