कॉमन सेन्स जन्मजात असतो की शिकता येतो?

घरचे आणि साहेब ‘एवढाही कॉमन सेन्स नाही का’ असं सारखं सुनावतात, आणि तो मुळात असावा लागतो की मिळवता येतो, असं तुम्ही विचारलंय. मिळवता येतो. सुनावणाऱ्यांनाही तो कधीतरी कुणीतरी सांगूनच आलेला असतो.

कृपा करून त्याला ‘सामान्य ज्ञान’ म्हणू नका, ते राजधान्या पाठ करण्याचं. माझ्या मते जवळचा शब्द तारतम्य. लघुतर, लघुतम यांतले ‘तर’ आणि ‘तम’ त्यात आहेत: कशापेक्षा काय जास्त महत्त्वाचं, हे ओळखणं. पण ओळखायला आधी माहिती लागते, आणि इथेच लोक अन्याय करतात.

कढईतलं तेल पेटलं असं धरा. आग दिसली की पाणी ओतायचं, हा शुद्ध कॉमन सेन्स. कागद किंवा लाकूड जळत असेल तर तो बरोबरही आहे, पण तेलावर जीवघेणा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे खाली जातं. पेटलेलं तेल ३०० अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि पाणी १०० लाच उकळतं. त्याची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, आणि ती जळतं तेल छतापर्यंत उडवते. कढई उचलून बाहेर न्यायलाही जाऊ नका, तेल हिंदकळून अंगावर येतं. गॅस बंद करायचा, धातूचं झाकण किंवा ताट आपल्या बाजूच्या काठावरून पुढे सरकवत कढई झाकायची. मग उघडून बघायचं नाही. तेल तापलेलं असेपर्यंत हवा मिळाली की पुन्हा भडकतं.

गॅसच्या वासाचंही तसंच. दिवा लावू नये हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण चालू पंखा बंद करायला हात जातोच. बटण बंद करतानाही ठिणगी पडते. बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा आणि दारं सताड उघडा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, नुसती वरची झडप उघडून भागत नाही.

यातलं काय कुणाला आपोआप सुचेल? न सांगता ओरडणारा माणूस स्वतःचा आळस दुसऱ्याच्या अकलेवर ढकलतो, असं माझं ठाम मत आहे. ऑफिसातही काम देताना काय हवं, कधीपर्यंत, अडलं तर कुणाला विचारायचं आणि हे असंच का करायचं, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. साहेब सांगत नसतील तर तुम्हीच हे चार प्रश्न विचारा आणि समजलेलं त्यांना परत बोलून दाखवा. कारण समजूनही तीच चूक पुन्हा झाली, तर मात्र तो निष्काळजीपणा. तिथे मी तुमची बाजू घेणार नाही.

आणि हो, झाकण हाताशी नसेल किंवा ज्वाळा कढईबाहेर पसरल्या असतील, तर शोधाशोध न करता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि बाहेरूनच अग्निशमन दलाला फोन करा.