डेनट्री एका दिवसात उरकू नका

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई नि दोन मुलांना घेऊन सहा दिवस ऑस्ट्रेलियात केर्न्सला आहात, तर तिथून डेनट्रीचं जंगल एका दिवसात होईल का. होतं, टूरवाले सकाळी नेऊन संध्याकाळी आणतात, पण प्लीज तसं करू नका. आम्ही पहिल्या खेपेला तेच केलं, त्या जंगलातलं केप ट्रिब्युलेशन केर्न्सहून एका बाजूनेच साधारण १४० किमी, आईचा अख्खा दिवस बसमध्ये बसून गेला, मला फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा गाडी भाड्याने घेऊन डेनट्री नदीपलीकडे दोन रात्री राहिलो तेव्हा कुठे जंगल दिसलं.

नदीवर पूल नाही, केबलवर चालणारी फेरी आहे, गाडीसकट चढायचं. पलीकडे मोबाइलला रेंज जवळपास नसतेच, मॅप आधीच डाउनलोड करा. मारजा बोर्डवॉक सकाळी लवकर करा, लाकडी फळ्यांची वाट आहे, आईचे गुडघे दुखतात तरी ती हळूहळू सगळं चालली, आणि जंगल संपता संपता मॅन्ग्रोव्ह, म्हणजे खारफुटी, सुरू होतं. तिथेच पुढे रस्त्याकडेला कॅसोवरी दिसला, माणसाएवढा पक्षी, मागे पट्ट्यापट्ट्यांची तीन पिल्लं. अंडी उबवण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत सगळं नरच करतो, हे ऐकून आई कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत होती. असा समोर आला तर पळू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका, बॅग तुमच्या नि त्याच्या मधोमध धरा.

आता मगरींचं. आपण बडोदेकर विश्वामित्रीच्या मगरी लहानपणापासून बघतो त्यामुळे भीती मोडलेली असते, पण तिकडची खाऱ्या पाण्यातली मगर वेगळी, खूप मोठी आणि माणसावर हल्ला करणारी. खाडीच्या, नदीच्या काठाला मुलांना अजिबात सोडू नका. समुद्रातही नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात, त्यांच्यापासून वाचवणारा अंगभर स्टिंगर सूट घालूनच उतरा. मुलांना डुंबायचंच असेल तर केर्न्सच्या एस्प्लनेडवरचा, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरचा, लगून (पोहायचा मोठा तलाव) बेस्ट, फुकट आहे.

एक दिवस मॉसमन गॉर्जला द्या, तिथले मूळ रहिवासी कुकू यलांजी लोक स्वतः जंगलात फिरवतात, कुठल्या झाडाचं काय करतात ते सांगतात. ही त्यांचीच जमीन, डेनट्री नॅशनल पार्क २०२१ मध्ये त्यांना परत मिळालं.

आणि हो, फराळ, लीलो चिवडो जे काही नेताय ते ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या एअरपोर्टच्या कार्डवर सगळं लिहा, काढून घेतलं तर घेतलं, लपवलं तर मोठा दंड.