भावाला यंत्राचे पाय लावावेत का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी आंब्यावरून पडला. मणका मोडला, कमरेखाली जाणीव नाही. यंत्राचे पाय बांधून चालणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिल्यापासून तो तेच मागतोय. घ्यायचे तर द्राक्षबाग विकावी लागेल. त्याचा शरीराला अपाय होतो का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बागेचं नंतर बोलू. आधी मला त्याच्या गुडघ्याजवळची हाडं कशी आहेत ते कळायला हवं.

पायांवर भार पडायचा थांबला की हाडांतलं कॅल्शियम झपाट्याने कमी होतं, आणि गुडघ्याच्या वरखाली सर्वांत जास्त. यंत्राचा सांधा आणि त्याचा गुडघा एका रेषेत नसले, तर मोटर पाय भलत्याच दिशेला ओढते. ठिसूळ हाड तेवढ्यानेही मोडतं. तुम्हा-आम्हाला कळ येईल. त्याला येणार नाही. संध्याकाळी गुडघा सुजलेला, गरम लागला तरच कळायचं.

कातडीचंही तसंच. माझ्या एका पेशंटच्या टाचेला मोज्याच्या एका घडीने जखम झाली. ती भरेपर्यंत तीन महिने चालणं बंद. म्हणून पट्टे सोडल्यावर आरसा घेऊन मांड्या, नडग्या, टाचा पाहायच्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या जागी पुन्हा पट्टा नाही.

इतकी वर्षं बसून-झोपून असलेला माणूस एकदम उभा केला, तर रक्त पायांत साठतं, बीपी उतरतं. टिल्ट टेबलवर, म्हणजे माणसाला आडवं बांधून हळूहळू उभं करणाऱ्या टेबलवर, ३० अंशांतच डोळ्यांपुढे अंधारी आलेली तरणी पोरं मी पाहिली आहेत. तो सराव आधी, तोही आठवडेच्या आठवडे.

व्हिडिओत कुबड्या दिसल्या का? लोक त्या बघतच नाहीत. अमेरिकेत २०१४ मध्ये घरी वापरायला परवानगी मिळालेलं रिवॉक हे यंत्र सुमारे २३ किलोंचं. ते स्वतःचं वजन जमिनीवर टाकतं हे खरं, पण तोल माणसालाच कुबड्यांवर सांभाळावा लागतो. सहा वर्षं व्हीलचेअर ढकलून दमलेल्या खांद्यांवर हे नवं काम पडतं. वेगही बेताचाच, बांधावरून, ढेकळांतून चालणं तर विसराच.

फायदा नाही असं नाही. दम लागेल इतका व्यायाम होतो, काहींच्या पायांतले झटके कमी होतात, पोट साफ होतं. आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता येतं. यासाठी मी कुठलंही मशीन लावायला तयार होईन! मात्र पोकळ झालेलं हाड यामुळे पुन्हा भरेल, ही आशा धरू नका.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. खुब्याबरोबर गुडघ्याचंही मोजमाप मागा. खुबे, गुडघे पूर्ण सरळ होतात का, घोटे काटकोनात येतात का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासा. आखडलेल्या सांध्यांवर हे यंत्र बसतच नाही. मणक्याची इजा नेमकी कुठल्या पातळीवर आहे, तेही कळवा. नंतर एखाद्या पुनर्वसन केंद्रात थोडे दिवस वापरून पाहू दे. तोवर बाग विकू नका.