ब्राउझर फुकट, मग खर्च कोण करतं?

फायरफॉक्स खासगीपणाची बाजू घेतो, तरी तो गुगलच्या पैशावर चालतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. सेटिंग बदललं नसेल, तर फायरफॉक्समध्ये टाइप केलेला शोध गुगलकडे जातो आणि त्याबद्दल गुगल फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला पैसे देतं. मे २०२५ मध्ये गुगलच्या शोधातल्या मक्तेदारीवरच्या खटल्यात, अमेरिकेतल्या न्यायालयात मोझिलाच्या वित्तप्रमुखांनीच सांगितलं, की संस्थेचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्सचं आणि त्यातलं ८५ टक्के गुगलकडून येतं. गुगल हा पैसा शोधातल्या जाहिरातींवर कमावतं. म्हणजे उत्पन्न जाहिरातीचंच, फक्त एक हात फिरून आलेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलला असे पैसे देत राहायची मुभा दिली, म्हणून मोझिला तगून आहे.

जाहिरातीचा एकही पैसा न घेणारा ब्राउझर नाहीच का?

आहेत की. वापरणाऱ्याची ओळख लपवणारा टॉर देणग्या आणि अनुदानांवर चालतो. त्यात अमेरिकी सरकारचा पैसाही बराच आहे. २०२३ मध्ये आलेला मुलवाड ब्राउझर फुकट आहे, त्यामागची स्वीडिश कंपनी व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरचा ठावठिकाणा झाकणाऱ्या सेवेची, महिना ५ युरो वर्गणी घेते. लिब्रेवुल्फ स्वयंसेवक सांभाळतात. पण हे तिन्ही फायरफॉक्सच्याच कोडवर उभे आहेत. वेबपान पडद्यावर मांडणारं इंजिन आणि त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी सतत बुजवणं, हे सगळ्यात महागडं काम. ते मोझिला करते, आणि तिचा पैसा कुठून येतो ते वर आलंच. उद्या गुगलने हात आखडता घेतला, तर हे तिन्हीही अडचणीत येतील. तरीही ज्या पत्रकार-कार्यकर्त्यांना पाळतीची खरी भीती आहे, त्यांनी टॉरच वापरावा.

मोझिलाला देणगी दिली तर?

ती मोझिला फाउंडेशनकडे जाते. फायरफॉक्स बनवते मोझिला कॉर्पोरेशन, म्हणजे देणगी फायरफॉक्सला मिळत नाही. हे बदलायलाच हवं. थंडरबर्ड या मोझिलाच्याच ईमेल प्रोग्रॅमसाठी लोकांनी २०२२ मध्ये ६४ लाख डॉलर दिले होते, म्हणजे देणारे आहेत.

ब्रेव्ह हा ब्राउझर इतरांच्या जाहिराती अडवतो, पण स्वतःच जाहिराती दाखवतो. हे कसं?

कोणती जाहिरात दाखवायची ते तुमच्याच यंत्रावर ठरतं, तुमची माहिती बाहेर जात नाही, असा त्याचा दावा आहे. नको असतील तर सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करा.

सरळ विकत का देत नाहीत?

ऑपेरा विकत मिळायचा. २००० पासून पैसे न देणाऱ्यांना त्यात जाहिरातीची पट्टी दिसे. सप्टेंबर २००५ मध्ये पट्टीही गेली आणि किंमतही. खर्च गुगलशी झालेल्या शोधाच्या करारातून निघू लागला. विंडोजसोबत इंटरनेट एक्सप्लोरर आयता मिळत असताना ब्राउझरसाठी खिशात हात घालणारे थोडेच होते. आज कागी कंपनी तिच्या ओरायन ब्राउझरसाठी ऐच्छिक पैसे घेते, पण त्याचंही इंजिन ॲपलचं वेबकिट आहे.

माझी आशा लेडीबर्ड या नव्या ब्राउझरवर आहे. त्याचं इंजिन पायापासून नवं लिहिलं जातंय. २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था निघाली आणि शोधयंत्राशी असा करार कधीच करणार नाही, असं तिने जाहीर केलंय. रोजच्या वापराला तो अजून कच्चा आहे. पण ब्राउझरसाठी देणगी द्यायचीच असेल, तर मी तिथे द्या म्हणेन.