हौसेने काढलेला फोटो न विचारता आमच्या होमस्टेच्या पानावर टाकला, खाली नावही दिलं. तरी आमची चूक कशी?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात माशेलच्या चिखलकाल्याचा, म्हणजे आषाढात चिखलात खेळण्याच्या उत्सवाचा, फोटो एकाच्या इन्स्टाग्रामवर मिळाला, त्यावर कुणाचं नाव छापलेलं नव्हतं, तो गृहस्थ नोकरी करतो, फोटो नुसते हौसेने काढतो, आणि तुम्ही खाली ‘सौजन्य’ लिहून त्याचं नाव दिलंत. आता तो म्हणतोय, फोटो पानावरून काढून टाका. त्याचंच बरोबर आहे. मीही असाच हौशी, चोडणला पक्ष्यांचे आणि जत्रांचे फोटो काढणारा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती आहे आणि तिचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. तो फोटो विकतो का, त्याने नोंदणी केली का, कोपऱ्यात नाव घातलं का, याने त्याचा हक्क कमी होत नाही. (पैसे देऊन कुणी काढून घेतला असेल तर गोष्ट वेगळी.) २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींच्या बातम्या यांना कलम ५२ मध्ये सवलत आहे. खोल्यांची जाहिरात त्यात बसत नाही. नाव देणं हे कलम ५७ प्रमाणे त्याचं देणंच लागतं, पण त्याने परवानगीची जागा भरून निघत नाही. आणि उत्सव सगळ्या गावाचा, देवकीकृष्णाच्या देवळाचं मैदान सगळ्यांचं, हे खरं असलं तरी तो फोटो त्याचा.

आता कायद्यापलीकडचं, जे मला जास्त लागतं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हा माणूस चिखलात उभा राहतो. अंगाला तेल चोपडलेली उघडी पोरं त्याला ओळखतात, त्यांचे आईबाप ओळखतात, म्हणून तो फोटो काढू शकतो. त्याने तो गावासाठी टाकला. तोच फोटो ‘आजच बुकिंग करा’च्या वर दिसला की वाड्यावरची माणसं तुम्हाला विचारायला येत नाहीत, त्याला विचारतात.

माझ्याबाबतीत हे घडलंय. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत काढलेला एका धोंडाचा, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्ताचा, फोटो एका बारने आपल्या पानावर लावला. धोंड व्रत पाळतात, मग अग्निदिव्यातून जातात. त्या पोराच्या हातातली वेताची काठी आणि बाजूला बिअरचे दर! त्याच्या घरी जाऊन मला सांगावं लागलं की हे मी दिलेलं नाही. त्याच्या आईने विश्वास ठेवला, पण पुढच्या वर्षी तो पोरगा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांना सांगितलं होतं की अनोळखी माणसांचे फोटो न विचारता काढू नका. पर्यटकांवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याहून कमी सांभाळावं, हे मला पटत नाही.

तेव्हा फोटो पानावरून आजच काढून टाका. त्याने कळवल्यावरही ठेवलात तर ते जाणूनबुजून झालं, आणि त्यासाठी कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैदेची तरतूद आहे. ‘तुमची फुकट प्रसिद्धी झाली’ असं कृपा करून लिहू नका. माफी मागा, आणि फोटो खरंच हवा असेल तर नीट विचारा: कोणता फोटो, कुठे लावणार, किती दिवस, किती पैसे देणार. फोटोत ओळखू येणारी मुलं असतील तर त्यांच्या घरच्यांचीही संमती लागेल, ती त्याच्या होकारात येत नाही.

तो नाही म्हणाला तर विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या ऑनलाइन संग्रहात गोव्याचे पुष्कळ फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटी पाळून कुणालाही वापरता येतील असे, आहेत. तिथेही छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा दुवा द्यावाच लागतो. दुसरीकडे कुठे परवान्यात ‘अव्यावसायिक’ अशी अट दिसली तर तो फोटो होमस्टेसाठी घेऊ नका. नाहीतर येत्या आषाढात स्वतः माशेलला जा; मैदानावर विचारलंत तर कुठे उभं राहायचं ते लोक आनंदाने दाखवतात.